उसना माळ

आधी बाबांचं नाव घेते, मग बाकीचं सांगते. बाबा म्हणजे महाडचे आमचे घरमालक. त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते मी कधी तोंडाने घेतलं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. माझ्या लेकीने पहिलं पाऊल टाकलं ते त्यांच्या गवतावर. आमच्या डोक्यावरचा स्लॅब जागेवर राहिला तो त्यांच्यामुळे. त्यापायी त्यांचं काय गेलं, ते मी जवळून बघितलं आहे. कुणीतरी ते सांगायला पाहिजे, आणि सांगणारं दुसरं कुणी आता तिथे नाही.

मी सातवीत शाळा सोडली. लिहायची सवय नाही, काही मागेपुढे झालं तर समजून घ्या. माहेर उदगीरकडे, सगळा सपाट मुलूख. नवऱ्याला महाडच्या कारखान्यात काम लागलं म्हणून पोटात लेक घेऊन मी त्याच्यामागे आले. आता तर त्याहूनही लांब, गुजरातेत राहते. माझा स्वभाव पहिल्यापासून घाबरट. गॅस बंद केला का ते उठून परत बघणारी मी. त्यात परका गाव, बाजूला सावित्री नदी, आणि चारी बाजूंनी अंगावर आल्यासारखे डोंगर.

खोली बघायला गेलो तेव्हा श्रावण होता. दाराला नुसती कडी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ते गावाला गेलेत. बसा, येतील एवढ्यात."

गावाहून कुणी एवढ्यात येतं का, असं आम्ही एकमेकांकडे बघतोय, तोवर वरच्या जिन्यावरून एक उंच, वाळका म्हातारा उतरला. अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि डोक्यापाठीवर पानांनी शाकारलेलं इरलं. असं इरलं मी आधी कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, जिन्यावरून एक छोटं झोपडंच चालत येतंय.

"कुठचे तुमी?"

"उदगीरकडचे," नवरा म्हणाला.

"तिकडं डोंगर हाय?"

"नाही. सगळं सपाट."

"मग झोप लागंल तुमाला. डोंगराखालची माणसं झोपत नायत." एवढं बोलून त्यांनी चावी माझ्या हातात दिली. काय काम करता, किती माणसं, काही विचारलं नाही.

ते गावाला जातात म्हणजे गच्चीवर जातात, हे पुढे कळलं. सकाळी चहा झाला की ओटीवरून हाक यायची, "गावाला जाऊन येतो गो!" आणि जिन्यावर पायांचा आवाज. कुणी भेटायला आलं की आख्खी आळी सांगायची, गावाला गेलेत. नवखा माणूस तसाच परत जायचा. ते त्यांना आवडायचंही. म्हणायचे, "ज्याला खरं काम हाय तो थांबतो."

घर साधंच होतं. खाली बाबा, वर आम्ही, आणि आमच्या डोक्यावर ती गच्ची. मुलाने मुंबईत नोकरी करून घेतलेलं. गच्चीच्या दाराशी पाण्याची बादली आणि तांब्या असायचा. पहिल्यांदा मी वर गेले तर लगेच म्हणाले, "पाय धुवून ये गो. परक्या मातीचे पाय नको."

पाय धुऊन दारातून बघितलं आणि मी तिथेच उभी राहिले. आमच्याकडे गच्ची म्हणजे पापड, सांडगे आणि पाण्याची टाकी. इथे सगळं हिरवं. पुढच्या अर्ध्या भागात चार बोटं मातीवर नुसतं गवत, त्यात तेरडा आणि कवळ्याची पिवळी फुलं. त्याच्यामागे वीतभर मातीचे वाफे, त्यांत अळू, मिरच्या, काकडी, आणि एका चौकोनात चक्क भाताची रोपं, पाण्यात उभी. वाफ्यांपुढे, गच्चीच्या मधोमध, कमरेएवढा मातीचा ढीग विटांनी बांधून घेतलेला, आणि त्यात फणसाचं झाड, माझ्याहून उंच.

"हा माळ," बाबा बोट दाखवत म्हणाले. "हा परस. आन ती राई. गावाला एवढंच लागतं. बाकीची नुसती घरं."

ती माती कुठली, हे त्यांनी कधी एका बैठकीत सांगितलं नाही. तुकड्यातुकड्याने सांगायचे, कधी भेंडी तोडता तोडता, कधी चहा निवेपर्यंत. मी ते इथे जोडून लिहिते.

पोलादपूरच्या वर, डोंगराच्या खांद्यावर त्यांची वाडी होती. वरची आळी आणि खालची आळी. बाबांचं घर खालच्या आळीत, भावाचं वरच्या. एका पावसाळ्यात शेळी शोधायला ते वर चढले, तर आळीच्या माथ्यावर जमिनीत भेग. बोट जाईल एवढी, पण लांबच्या लांब. खाली येऊन त्यांनी भावाला सांगितलं, पोरं घेऊन खाली ये. दिवस लावणीचे. रोपं उपटून ठेवलेली, चिखल तयार. भाऊ म्हणाला, "लावणी उरकू दे, मग बघू." बाबांनाही ते पटलं. भातवाला माणूस लावणी टाकून कुठे जातो? लावणी उरकायच्या आत डोंगर खाली आला. वरची आळी भावासकट, त्याच्या पोराबाळांसकट गेली.

उरलेल्यांना खाली रस्त्याकडेला आणलं. बाबांना आणि त्यांच्या बायकोला, आईंना, मुलगा महाडला घेऊन आला. आईंनी येताना पदरात फणसाच्या आठळ्या बांधून आणल्या होत्या. त्यातली एक त्यांनी गच्चीवर डब्यात लावली. तिला पानं फुटली आणि आई गेल्या. मग ते रोप डब्यात मावेना, म्हणून बाबांनी माती आणायला सुरुवात केली. कुठली तर तिथलीच. दरवर्षी वैशाखात ते वाडीवर जायचे. त्यांच्या पडक्या घरासमोरच्या माळाचे गवतासकट चौकोन कापायचे, खाली टेंपोपर्यंत आणायचे. आणि निघताना घराच्या जोत्यावर नारळ ठेवून सांगायचे, "उसनं नेतोय."

त्यांच्या वाडीत विरजण असो, बियाणं असो की चुलीतला विस्तव, या घरातून त्या घरात जायचं ते उसनं जायचं, आणि जसं नेलं तसं परत यायचं. मी विचारलं, "बाबा, तिथे तर आता कुणीच नाही. परत कुणाला देणार?"

"ज्याचं हाय त्याला. माळाचं माळाला."

आता वाटेल, सदा दुःखीच असतील. तसं नव्हतं. आळी त्यांना चिडवायची आणि ते पुरून उरायचे. कोपऱ्यावरचा दुकानदार रोज विचारायचा, "बाबा, बैल कधी चढवताय वर?"

"बैलाला तुझ्यावानी जिन्यात वळता येत नाय, नायतर कवाच आणला असता."

बैल नाही, पण एक दिवस ते खरंच करडू घेऊन आले. खांद्यावर टाकून, आमच्या दारावरून, वर. माझा नवरा नुकताच रात्रपाळी संपवून झोपला होता. डोक्यावर टपटप खुरांचा आवाज. तो दचकून उठला आणि म्हणाला, "अगं, छत पडतंय!" मी वर धावले.

"बाबा, हे काय?"

"चरायला नको? गवत कुणी चरलं नाय की माळ राहत नाय गो, रान होतं."

करडाने माळाकडे ढुंकून बघितलं नाही. सरळ परसात घुसून मिरचीची रोपं बुडखापासून खाल्ली, मग कठड्यावर पुढचे पाय ठेवून खालच्या आळीकडे तोंड करून जे बें बें करायला लागलं ते संध्याकाळपर्यंत. खाली पोरं जमली. दुकानदार ओरडला, "बाबा, तुमचा सरपंच भाषण करतोय!" बाबा हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी करडू ज्याचं त्याला परत गेलं आणि बाबा स्वतः विळा घेऊन माळ कापत बसले.

गवतावर कपडे वाळत घालायला बंदी होती. चप्पल तर नाहीच. पण माझी लेक जन्मली आणि हात टेकून रांगायला लागली, तेव्हा त्यांनीच खालून हाक मारली, "तिला फरशीवर कशाला ठेवतेस? गावाला आण." संध्याकाळी ते माळाच्या एका टोकाला बसायचे, मी दुसऱ्या टोकाला. मधे ती. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी कवळ्याचं फूल धरून त्यांनी तिच्यापुढे हात केला आणि ती उठून त्यांच्याकडे चालत गेली. दोन वेळा पडली. गवतच ते, लागलं नाही. त्यांनी ना टाळी वाजवली, ना उचललं. फूल तिच्या मुठीत दिलं आणि म्हणाले, "आता ही गावची." मग बराच वेळ पाठ फिरवून काकडीचा वेल नीट करत राहिले. वेल नीटच होता.

पुढच्या आषाढात आमच्या छताला, पाळण्याच्या बरोबर वर, ओल दिसली. आधी तळहाताएवढी, मग परातीएवढी. मग तिच्यातून एक रेघ निघाली. मी दिवसभर वर बघून काम करायची. नवरा म्हणाला, रंग फुगला असेल. मला चैन पडेना. पोळ्या करताना उरलेल्या कणकेची चिमूट मी स्टुलावर चढून त्या रेघेवर दाबून बसवली. सकाळी बघितलं, तर कणीक मधून फाटली होती.

मी तशीच खाली गेले. बाबा म्हणाले, "काय झालं गो?"

"बाबा, वर या. भेग आहे."

तो शब्द ऐकून ते ज्या तऱ्हेने उठले, ते मी विसरणार नाही. आमच्या खोलीत ते तोवर कधी आले नव्हते. स्टुलावर चढून त्यांनी भेगेला बोट लावलं. खाली उतरले, पाळण्याजवळ जमिनीवर बसले, आणि पाळण्याची दोरी हातात धरून ठेवली. लेक पाळण्यात नव्हती, माझ्या कडेवर होती.

"आजपास्नं तुमी खाली निजायचं," एवढंच म्हणाले. आम्हाला त्यांनी त्यांची खोली दिली आणि स्वतः ओटीवर गेले. मुलाला फोन त्यांनीच केला.

मुलगा, आम्ही त्याला दादा म्हणायचो, मुंबईहून येताना एका इंजिनिअरला घेऊन आला. पोरगेलासा, मवाळ माणूस. बाबांनी सांगितल्यावर त्याने बूट काढले, पाय धुतले, मगच गच्चीवर पाऊल ठेवलं. तो खूप वेळ बघत होता. गवतापाशी बसून माती चाचपली. मग परसातल्या भाताकडे गेला.

"बाबा, इथून पाणी जायचा पाईप होता ना?"

"हाय की. चिंध्या आन चिकणमाती घालून बुजवलाय."

"का बुजवलात?"

"खाचरातलं पानी कोन सोडतं रे? भात हाय तो."

त्याला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. म्हणाला, "छपरावरची हिरवळ तीन तऱ्हेची असते, बाबा. पातळ मातीची, नुसत्या गवताची. मग मध्यम, भाजीपाल्याची. आणि जाड मातीची, झाडं धरणारी. शेवटची करायची तर घर बांधतानाच खांब तसे धरावे लागतात. तुमच्या एकाच स्लॅबवर तिन्ही आहेत, आणि झाड नेमकं मधोमध. खाली खांबच नाही."

"खाली स्लॅब हाय की. स्लॅब म्हणजे माणसानं केलेला कातळ. आमच्या डोंगरावर चार बोटं मातीखाली कातळच असतो. तो कुठं वाकतो?"

"तुम्ही माती कधी आणलीत?"

"वैशाखात. सुकी होती. टोपली हलकी."

"आता ती टोपली पाणी प्यायली आहे. वर तुम्ही पाणी कोंडलंय."

बाबांना कळलं, हे मला त्यांच्या हातांवरून कळलं. ते हात मातीवर होते, ते त्यांनी उचलून मांडीवर ठेवले.

"मग काय राहील?"

"पहिली तऱ्हा राहील. पाण्याला वाट करून दिलीत तर."

"म्हणजे माळ. परस नाय, राई नाय."

"नाही."

दादा वाईट माणूस नाही. त्याला त्या झाडात त्याची आई दिसत होती. तो म्हणाला, "बाबा, टेन्शन नका घेऊ. आपण ह्या लोकांना सांगू दुसरीकडं रूम बघा. खाली कोण नसलं की रिस्क नाय. झाड ठेवू. पाऊस सरू दे, मग बघू काय करायचं ते."

मी दारात लेकीला घेऊन उभी होते. भर पावसात, परक्या गावात, कुठे जायचं? मी नवऱ्याकडे बघितलं, तो जमिनीकडे बघत होता.

बाबा मुलाकडे वळले. आवाज चढवला नाही.

"आमी पण तसंच म्हणालो होतो."

दादाचं तोंड उतरलं. वरून भुरभुर चालू होती. बाबा म्हणाले, "कोयता आण."

झाड त्यांनी स्वतः तोडलं. दादा मधे आला तर त्याला हाताने बाजूला केलं. फणसाला चीक फार. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे चिकट झाले. मी खोबरेल तेलाची वाटी घेऊन गेले, चीक तेलानेच निघतो. म्हणाले, "राहू दे गो. जाईल तवा जाईल." कित्येक दिवस तो चीक त्यांच्या हातांवर काळा होऊन राहिला. जेवताना बोटं एकमेकांना चिकटायची.

मग माती. टोपली टोपली करून खाली. माझा नवरा, दादा, दुकानदारसुद्धा आला, चिडवायला नाही, टोपली उचलायला. आळीतल्या बायकांनी कुंड्यांसाठी माती मागितली. बाबांनी दिली नाही. "उसन्यातलं उसनं देत नायत," म्हणाले. घरामागे भिंतीशी तिचा ढीग केला आणि वर ताडपत्री टाकली. पाऊस उघडला की टेंपोने वर नेऊन टाकायची, असा त्यांचा विचार. श्रावणात सावित्री आळीत आली. महाडला ते नवं नाही, माणसं सामान वर चढवतात आणि वाट बघतात. आम्ही जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर बसलो होतो. पाणी उतरलं तेव्हा ताडपत्री कुठल्याशा गेटला अडकलेली सापडली. माती नव्हती.

बाबा त्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले, "हिला वर जायचं होतं. खाली गेली."

आमचं छत दुरुस्त झालं. आम्ही वरच्या खोलीत परतलो, पाळणा त्याच जागी बांधला. मी बाबांच्या पाया पडले, तर ते बिचकून मागे सरले. "माझ्या काय पडतेस? मीच घातली होती गो ती माती तुमच्या डोक्यावर." त्यानंतर त्यांनी माझ्याशी त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नाही. आम्ही ऋणी आहोत, हेच त्यांना मान्य नव्हतं.

गच्चीवर आता नुसता माळ होता, आणि मागे उघडं सिमेंट. ते सकाळी वर जायचे, पण ओटीवरून हाक यायची बंद झाली. मी एकदा म्हटलं, "बाबा, गावाला चाललात का?"

"माळावर चाललोय," म्हणाले. गाव हा शब्द त्यांनी पुन्हा गच्चीला लावला नाही.

पुढच्या वैशाखात ते वाडीवर गेले नाहीत. गुडघे गेले होते, वाटही मधे तुटली होती. माघात, लहानशा आजारात, गेले. आदल्या आठवड्यात मी पेज घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "आमचं उसनं राहिलं गो." मी म्हटलं, बरे व्हाल, जाल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं खोटं बोलणाऱ्या लहान पोरीकडे बघतात. रागाने नव्हे.

दादाने त्या उन्हाळ्यात गच्चीवर पत्र्याची शेड घातली. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. महाडला प्रत्येक स्लॅबवर पत्रा असतो, नाहीतर पाऊस घरात येतो. पण पत्र्याखालच्या माळाला पाऊस कळेना. बाहेर मुसळधार, आणि आत ते गवत वैशाखात असल्यासारखं पिवळं. मी बादलीने घालून बघितलं. ते पावसाचं पाणी नव्हतं.

तेवढ्यात नवऱ्याची बदली गुजरातेत ठरली. निघायच्या सकाळी मी पाय धुतले, वर गेले आणि उलथण्याने एक चौकोन कापून घेतला. मासेवालीकडून थर्माकोलची पेटी आणली होती, तीत ठेवला. दादाला विचारलं होतं. तो म्हणाला, "न्या ताई." आणि तोंड फिरवलं.

ती पेटी आता इथल्या गॅलरीत आहे. वर्षभर त्यात काही दिसलं नाही. मी रोज बघायची, जास्त पाणी झालं का, कमी झालं का. दुसऱ्या पावसाळ्यात हिरवं टोक आलं, आणि मग कवळ्याचं एकच पिवळं फूल. शेजारीण विचारते, यह कौन सा पौधा है? मी सांगते, घास. ती हसते. माझी लेक आता शाळेत जाते. तिला बाबा आठवत नाहीत. पण गॅलरीत जाण्याआधी ती पाय धुते. मीच लावलेली सवय आहे.

वाडीवर गाडी जात नाही. पोलादपूरला एसटीतून उतरून पुढे डोंगर पायी चढायचा, असं बाबांनीच सांगितलं होतं. लेकीचे पाय त्या चढणीला पुरतील एवढे झाले की आम्ही जाऊ. खालच्या आळीतलं जोतं शोधू. नारळ ठेवू, आणि हा चौकोन माळात जिथे बसेल तिथे बसवू. काय बोलायचं ते लेकीला सांगून ठेवलं आहे. ते तीच बोलेल, कारण ती गावची आहे.

तोवर, बाबा, पेटीला खालून भोकं पाडून ठेवली आहेत. पाणी कोंडू देत नाही. तुमचं उसनं मी परत नेऊन देईन.